दूरचा दवाखाना

आजारी माणसाला घर सोडून जाणे नकोसे वाटते. तरीही दरवर्षी जगातील लाखो रुग्ण आपला देश सोडून उपचारासाठी दुसऱ्या देशात जातात. ते का जातात, तेथे त्यांना कोणत्या अडचणी येतात आणि असा प्रवास टळावा म्हणून काही माणसांनी काय केले, याची माहिती या पाठात दिली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, प्रवास हा शब्द ऐकला की तुम्हाला काय आठवते? सुट्टीत आजोळी जाणे, शाळेची सहल किंवा नातेवाइकांकडचे लग्न. उर्दूत आपण प्रवासाला सफर म्हणतो. हा शब्द मराठीतही चालतो. या सर्व प्रवासांत आनंद असतो. परंतु एक प्रवास असा आहे की, तो कोणीही हौसेने करीत नाही. त्या प्रवाशाच्या पिशवीत कपडे थोडे आणि कागद फार असतात. रक्ताच्या तपासणीचे अहवाल, क्ष-किरणांची छायाचित्रे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि औषधांच्या पट्ट्या. हा प्रवासी रुग्ण असतो आणि तो उपचारासाठी परदेशी निघालेला असतो.

वर्तमानपत्रांत या प्रवासाला ‘वैद्यकीय पर्यटन’ म्हणतात. पर्यटन म्हणजे सैर. ताजमहाल पाहायला येणारा माणूस पर्यटक असतो. पण ज्या बापाच्या मांडीवर आजारी मूल आहे, त्याला पर्यटक म्हणावे का? तुम्हीच विचार करा. आपण या पाठात त्याला प्रवासी रुग्ण असेच म्हणू.

आपला देश, आपली माणसे सोडून रुग्ण इतक्या दूर का जातो? याची मुख्य कारणे चार आहेत. आपण ती एकेक करून पाहू.

पहिले कारण म्हणजे हवा तो उपचार आपल्या देशात मिळत नाही. नकाशात भारताच्या खाली, समुद्रात, मालदीव नावाचा देश शोधा. तो लहान लहान बेटांचा देश आहे. तेथील अनेक रुग्ण विमानाने केरळमधील तिरुवनंतपुरमला येतात. तुम्ही विचाराल, “सर, त्यांच्या सरकारने तेथेच मोठे रुग्णालय का बांधू नये?” प्रश्न बरोबर आहे. पण रुग्णालय केवळ इमारतीने होत नाही. हृदयाची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा हात रोजच्या सरावाने तयार होतो. सुतार, शिंपी, गवंडी यांचाही हात असाच तयार होतो. ज्या देशाची लोकसंख्या थोडी, तेथे एखाद्या कठीण आजाराचे रुग्णही थोडे. मग डॉक्टरांना सराव कोठून मिळणार? म्हणून लहान देशांतील रुग्णांना मोठ्या देशांची वाट धरावी लागते.

दुसरे कारण खर्चाचे. उपचार देशात आहे, पण तो परवडत नाही. हे फक्त गरीब देशांत घडते असे समजू नका. अमेरिका हा श्रीमंत देश आहे. तेथे दात बसवायचा झाला, तर साध्या माणसाचा खिसा रिकामा होतो. अमेरिकेच्या सरहद्दीला लागून मेक्सिकोमध्ये लॉस अल्गोदोनेस नावाचे एक गाव आहे. गावाची वस्ती काही हजारांची. परंतु तेथे दंतवैद्य मात्र शेकड्यांनी आहेत! अमेरिकेतील व कॅनडातील वृद्ध माणसे सरहद्दीच्या अलीकडे आपली मोटार उभी करतात, पायी पलीकडे जातात, दातांवर उपचार करून घेतात आणि संध्याकाळी परत येतात. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया अमेरिकेत जेवढ्या पैशांत होते, त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी पैशांत ती भारतात होते, असा साधारण अंदाज सांगितला जातो.

भारतात ती स्वस्त का होते? येथील जागेचे भाडे व पगार कमी आहेत. पुष्कळ औषधे आपल्याच देशात तयार होतात. शिवाय रुग्णांची संख्या मोठी असल्यामुळे एका यंत्राचा खर्च अनेकांत वाटला जातो. तमिळनाडूतील मदुराई शहराचे उदाहरण घ्या. तेथे १९७६ साली डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी अवघ्या ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायचे भिंग त्या काळी परदेशातून येई आणि गरिबांना परवडत नसे. तेव्हा १९९२ पासून मदुराईतच भिंगे बनवण्यास सुरुवात झाली आणि त्यांची किंमत खूपच खाली आली. म्हणजे पाहा, स्वस्त उपचार हा दैवयोग नसतो. कोणीतरी डोके चालवून, कष्ट करून तो स्वस्त केलेला असतो.

तिसरे कारण वेळेचे. ब्रिटनमध्ये १९४८ सालापासून राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे. तेथे शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला पैसे मोजावे लागत नाहीत. ही फार चांगली गोष्ट आहे. पण रांग लांब असते. एखाद्या आजोबांचा खुबा झिजला आहे, जिना चढवत नाही, रात्री झोप येत नाही. जीव धोक्यात नाही म्हणून त्यांना कित्येक महिने थांबावे लागते. अशा वेळी काहीजण साठवलेले पैसे घेऊन दुसऱ्या देशात जातात. मोफत उपचार मिळत असूनही ते विकतचा उपचार घेतात, कारण रोजच्या वेदनेला थांबा म्हणता येत नाही.

चौथे कारण जरा वेगळे आहे. ते म्हणजे भरवसा. उर्दूतही आपण भरोसा म्हणतो. बांगलादेशातून अनेक वर्षे मोठ्या संख्येने रुग्ण भारतात येत आले आहेत. ढाका शहरात रुग्णालये आहेत, डॉक्टरही आहेत. तरीही पुष्कळ कुटुंबांना वाटते की, आजार नेमका कोणता हे एकदा कोलकात्याला किंवा वेल्लोरला विचारावे. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घ्यावे, तपासावे, समजावून सांगावे, एवढीच त्यांची इच्छा असते. ज्या डॉक्टरांकडे रुग्णासाठी दोनच मिनिटे असतात, त्यांचे औषध चांगले असले तरी रुग्णाचे समाधान होत नाही. विश्वास गेला की माणूस शेत विकतो, दागिने गहाण ठेवतो, पण दूर जातोच.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. बांगलादेशातील रुग्ण कोलकात्याला एवढ्या संख्येने का जातात? कोलकाता जवळ आहे हे तर खरेच. पण तेथील भाषाही बंगालीच आहे. आजारी माणसाला सर्वांत आधी आपली भाषा हवी असते.

तुम्हाला हे पटते का ते पाहू. समजा, तुमच्या पोटात दुखत आहे. डॉक्टर विचारतात, “कसे दुखते?” मराठीत याची किती उत्तरे आहेत! पोटात मुरडा येतो, कळ येते, जळजळ होते, पोट फुगल्यासारखे वाटते. दाढ दुखत असेल तर ठणका लागतो. पाठीत चमक भरते. उर्दूतही मरोड वेगळी, जलन वेगळी, टीस वेगळी. डॉक्टर या शब्दांवरूनच आजाराचा अंदाज बांधतात. ज्या रुग्णाला परक्या देशात एवढेच सांगता येते की, “येथे दुखते”, त्याचा अर्धा आजार सांगायचाच राहून जातो.

कधी कधी एक शब्द घोटाळाही करतो. मराठीत ‘मला बरे वाटते’ म्हणजे तब्येत सुधारली आहे. पण ‘बरा’ हा शब्द उर्दूतील ‘बुरा’ सारखा कानावर पडतो आणि त्याचा अर्थ अगदी उलट होतो! नवीन माणसाला परिचारिकेने, “आता बरे आहे ना?” असे विचारले, तर तो घाबरून नाही म्हणेल. उलट, जखम, दवाखाना, इलाज, नस, चक्कर हे शब्द मराठीत आणि उर्दूत सारखेच आहेत. दुखण्याच्या वेळी हे शब्द दोन्ही भाषांच्या माणसांना उपयोगी पडतात.

म्हणूनच परदेशी रुग्ण जेथे जास्त येतात, तेथे दुभाषे असतात. दिल्लीत लाजपतनगर नावाचा भाग आहे. २०२१ पर्यंत अफगाणिस्तानातून पुष्कळ रुग्ण दिल्लीला येत. तेव्हा लाजपतनगरमध्ये औषधांच्या दुकानांवर दारी भाषेतील पाट्या लागल्या, अफगाणी नान विकणारी दुकाने निघाली, आणि दारी व हिंदी या दोन्ही भाषा जाणणारे तरुण रुग्णांना रुग्णालयात घेऊन जाऊ लागले. दारी ही फारसीचीच एक शाखा. तिची लिपी तुम्ही पाहिली, तर ती आपल्या उर्दूच्या लिपीची सख्खी बहीण वाटेल. जो दोन भाषा शिकतो तो दोन माणसांमध्ये पूल होऊ शकतो. रुग्णालयात अशा पुलाची गरज औषधाइतकीच असते.

मित्रांनो, परदेशी जाणाऱ्या रुग्णाला भाषेपेक्षाही उंच एक भिंत ओलांडावी लागते. ती म्हणजे सरहद्द. दुसऱ्या देशात जाण्यासाठी त्या देशाचा परवाना, म्हणजे व्हिसा लागतो. भारत परदेशी रुग्णांना खास वैद्यकीय व्हिसा देतो. रुग्णाबरोबर दोन सोबती येऊ शकतात. परंतु दोन देशांचे संबंध बिघडले की पहिला घाव अशा रुग्णांवर बसतो.

२००३ सालची गोष्ट. भारत व पाकिस्तान यांच्यातील तणावामुळे दिल्ली-लाहोर बस दीड वर्ष बंद होती. ती जुलै महिन्यात पुन्हा सुरू झाली. पहिल्याच बसमधून लाहोरची एक लहानगी मुलगी आईवडिलांबरोबर भारतात आली. तिच्या हृदयात जन्मापासून दोष होता. बंगळूरच्या नारायण हृदयालय या रुग्णालयात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या दिवसांत भारतातील अनोळखी माणसांनी तिच्यासाठी प्रार्थना केल्या, फुले पाठवली, पैसे पाठवले. मुलगी बरी होऊन घरी गेली.

पण नेहमीच असे होत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाणिस्तानात सत्ताबदल झाला आणि तेथील लोकांना आधी दिलेले व्हिसा भारताने रद्द केले. ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशात सत्तापालट झाल्यावर तेथील रुग्णांना व्हिसा मिळणे फार कठीण झाले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे दहशतवादी हल्ला झाला. त्यात निरपराध माणसे मारली गेली. त्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द करण्यात आले. वैद्यकीय व्हिसाची मुदतही २९ एप्रिलपर्यंतच ठेवण्यात आली. उपचारासाठी आलेल्या काही कुटुंबांना उपचार अर्धवट सोडून परत जावे लागले. देशाच्या सुरक्षिततेचे निर्णय सरकारला घ्यावेच लागतात. पण आजारी मुलाच्या हृदयाला तारखा कळत नाहीत. ज्या रुग्णाचा दवाखाना सरहद्दीपलीकडे आहे, त्याचा जीव टांगणीला लागलेला असतो, तो असा.

याशिवाय इतरही धोके आहेत. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण लगेच आपल्या देशात परत जातो. तेथे टाके उसवले, जखम चिघळली, तर ज्यांनी शस्त्रक्रिया केली ते डॉक्टर हजारो किलोमीटर दूर असतात. काही लबाड दलाल रुग्णांना खोटी आशा दाखवून लुबाडतात. सर्वांत वाईट धंदा मानवी अवयवांचा. पैशाच्या लोभाने गरीब माणसाचे मूत्रपिंड विकत घेऊन ते श्रीमंत रुग्णाला बसवायचे, असे प्रकार अनेक देशांत उघडकीस आले. भारताने १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा करून अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला. २००८ साली तुर्कस्तानातील इस्तंबूल शहरात अनेक देशांतील डॉक्टर जमले आणि त्यांनीही या व्यापाराविरुद्ध जाहीरनामा काढला. स्वतः जगण्यासाठी दुसऱ्याच्या गरिबीचा फायदा घेणे याला उपचार म्हणता येत नाही.

आणखी एक प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. परदेशी रुग्ण आपल्याकडे येतात. त्यामुळे देशाला पैसा मिळतो, डॉक्टरांचे नाव होते. हे चांगलेच आहे. पण त्याच वेळी आपल्याच देशातील एखाद्या खेड्यातील स्त्रीला तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर भेटत नसेल तर? तिच्यासाठी मुंबई किंवा नागपूर हेही परदेशाइतकेच दूर आहे. दूरच्या पाहुण्यासाठी दिवा लावावा, पण घरात अंधार ठेवू नये.

यावर उपाय काय? इतिहासात डोकावले तर एक सुंदर गोष्ट दिसते. जी माणसे उपचारासाठी दूर गेली, त्यांतीलच काहींनी परत येऊन तो उपचार आपल्या माणसांच्या दारी आणला.

जुन्या काळी अरब व इराणी लोक रुग्णालयाला बीमारिस्तान म्हणत. बीमार अधिक स्तान, म्हणजे आजाऱ्यांचे ठिकाण. नूरुद्दीन झंगी या राजाने ११५४ साली दमास्कस शहरात एक मोठा बीमारिस्तान बांधला. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी कलावून नावाचा इजिप्तचा एक सरदार मोहिमेवर असताना दमास्कसजवळ आजारी पडला. त्या बीमारिस्तानातून आणलेल्या औषधांनी तो बरा झाला. बरा झाल्यावर तो स्वतः तेथे गेला आणि ती व्यवस्था पाहून चकित झाला. मी सुलतान झालो, तर असेच रुग्णालय कैरोत बांधीन, असा त्याने संकल्प केला, असे इतिहासकार लिहितात. तो खरोखरच सुलतान झाला आणि १२८४ साली त्याने कैरोत भव्य रुग्णालय उभे केले. तेथे स्त्री-पुरुष, गरीब-श्रीमंत सर्वांवर मोफत उपचार होत.

आता आपल्या मुंबईकडे या. सर दोराबजी टाटा हे जमशेटजी टाटा यांचे थोरले पुत्र. त्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई टाटा यांना रक्ताचा कर्करोग, म्हणजे कॅन्सर झाला. त्या काळी आपल्या देशात या रोगासाठी खास रुग्णालय नव्हते. मेहेरबाईंवर ब्रिटनमध्ये उपचार झाले. परंतु १९३१ साली तेथेच, वेल्समध्ये त्यांचे निधन झाले. ज्या घरात पैशाला तोटा नव्हता, त्या घरातील माणूसही घरापासून हजारो मैलांवर गेले. मग गरिबांचे काय? कर्करोगावर उपचार करणारे रुग्णालय आपल्या देशात असावे, असे दोराबजींच्या मनाने घेतले. दुसऱ्याच वर्षी तेही वारले. पण त्यांच्या नावाच्या विश्वस्त संस्थेने ते काम पुरे केले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. १९६२ पासून ते भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे.

आज त्या रुग्णालयाच्या दारात सगळा भारत दिसतो. बिहारचा शेतकरी, आसामची आई, मराठवाड्यातील आजोबा, सगळे एकाच रांगेत. रुग्ण आत असतो आणि नातेवाईक बाहेर फुटपाथवर पथारी टाकून राहतात. दादरला संत गाडगेबाबांच्या नावाने चालणारी धर्मशाळा आहे. तेथे अशा रुग्णांची अगदी अल्प खर्चात राहण्याची सोय होते. गाडगेबाबा स्वतः शाळेत गेले नव्हते. पण दूर गावाहून आलेल्या रुग्णाला औषधाआधी डोक्यावर छप्पर लागते, हे त्यांनी ओळखले होते.

अशीच एक गोष्ट मद्रासची. १९७९ साली डॉ. प्रताप रेड्डी यांचा एक तरुण रुग्ण हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेला जाण्याइतके पैसे जमवू शकला नाही आणि दगावला. ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. १९८३ साली त्यांनी मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, अपोलो रुग्णालय सुरू केले. ज्या शहरातून रुग्ण परदेशी जात होते, त्याच शहरात पुढे परदेशी रुग्ण येऊ लागले.

आणि आता अलीकडचे पाहा. मुंबईच्या आयआयटी या संस्थेतील संशोधकांनी आणि टाटा मेमोरियलमधील डॉक्टरांनी मिळून काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगांवर एक नवा उपचार तयार केला. त्यात रुग्णाच्याच रक्तातील पेशी बाहेर काढून, त्यांना रोगाशी लढायला तयार करून, पुन्हा शरीरात सोडतात. भारतात तयार झालेला हा अशा प्रकारचा पहिला उपचार. परदेशात त्याला जेवढा खर्च येतो, त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात तो येथे होतो. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याची सुरुवात झाली. १९३१ मध्ये ज्या प्रकारच्या रोगाने मेहेरबाईंना परक्या देशात गाठले, त्या रोगाशी आता त्यांच्या कुटुंबाच्या नावाचे रुग्णालय मुंबईत झुंज देत आहे. तो खर्चही अजून गरिबाला झेपणारा नाही. म्हणजे काम संपलेले नाही.

शेवटी गडचिरोलीला जाऊ या. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे पतिपत्नी अमेरिकेत शिकले. ते तेथे राहू शकले असते. पण ते परत आले आणि महाराष्ट्राच्या या दूरच्या, जंगलाने वेढलेल्या जिल्ह्यात काम करू लागले. तेथे तान्ही बाळे मोठ्या प्रमाणात दगावत होती. खेड्यापासून रुग्णालय लांब होते. तेव्हा त्यांनी खेड्यातीलच स्त्रियांना शिकवले. बाळाचा श्वास कसा मोजावा, त्याला ऊब कशी द्यावी, कोणते औषध केव्हा द्यावे. या आरोग्यदूत स्त्रिया घरोघरी जाऊ लागल्या आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ साली ही माहिती इंग्लंडच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आणि पुढे इतर देशांनीही ही पद्धत उचलली. येथे रुग्ण परदेशी गेला नाही. ज्ञान मात्र परदेशातून आले आणि परदेशी गेले.

मुलांनो, यातून काय दिसते? माणसाने उपचारासाठी दूर जावे लागले तर जावे. त्यात कमीपणा नाही. आपल्याकडे दुरून आलेल्या रुग्णाला आधार द्यावा. तो कोणत्या देशाचा, कोणत्या धर्माचा हे विचारू नये. पण दूर जाणारा प्रत्येक रुग्ण आपल्या मागे एक प्रश्न ठेवून जातो : जे तेथे मिळाले, ते येथे का मिळाले नाही? कलावून, दोराबजी टाटा, डॉ. रेड्डी, डॉ. बंग पतिपत्नी यांनी हा प्रश्न ऐकला आणि आपापल्या परीने उत्तर दिले. तुमच्यापैकी कोणी उद्या डॉक्टर होईल, कोणी परिचारिका, कोणी औषध तयार करील, कोणी दुभाषा होईल. तेव्हा हा प्रश्न तुमच्याही कानावर येईल. त्याचे उत्तर द्यायला तयार राहा.

शब्दार्थ

रुग्ण – बीमार, मरीज
उपचार – इलाज
शस्त्रक्रिया – चीरफाड करून केलेला इलाज
परिचारिका – रुग्णांची सेवा करणारी स्त्री, नर्स
दुभाषा – एका भाषेतील बोलणे दुसऱ्या भाषेत सांगणारा, तर्जुमान
अहवाल – तपासणीचा लेखी निष्कर्ष
अवयव – शरीराचा भाग, अजू
मूत्रपिंड – गुर्दा
संकल्प – पक्का इरादा
पथारी – जमिनीवरचे साधे अंथरूण
दगावणे – आजारात मरण पावणे
खुबा – मांडी व कंबर यांचा सांधा

वाक्प्रचार

वाट धरणे – एखाद्या दिशेने जाऊ लागणे
जीव टांगणीला लागणे – फार मोठी काळजी लागून राहणे
मनाने घेणे – एखादी गोष्ट करायचीच असे ठरवणे
मनाला लागणे – एखाद्या गोष्टीने फार वाईट वाटणे
झुंज देणे – जोराने लढणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मालदीवमधील अनेक रुग्ण भारतातील कोणत्या शहरात येतात?
(आ) बीमारिस्तान या शब्दाचा अर्थ काय?
(इ) टाटा मेमोरियल रुग्णालय केव्हा व कोठे सुरू झाले?
(ई) वैद्यकीय व्हिसा घेतलेल्या रुग्णाबरोबर किती सोबती येऊ शकतात?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लहान देशांतील डॉक्टरांना कठीण शस्त्रक्रियांचा सराव का मिळत नाही?
(आ) बांगलादेशातील रुग्णांना कोलकाता सोयीचे का वाटते?
(इ) कलावून आणि दोराबजी टाटा यांच्या गोष्टींत कोणते साम्य आहे?

प्र. ३. आठ-दहा वाक्यांत उत्तर लिहा.
‘आजारी माणसाला सर्वांत आधी आपली भाषा हवी असते.’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

प्र. ४. जोड्या लावा.
‘अ’ गट : (१) मदुराई (२) गडचिरोली (३) लाजपतनगर (४) लॉस अल्गोदोनेस
‘ब’ गट : (क) दंतवैद्य (ख) डोळ्यांची भिंगे (ग) आरोग्यदूत (घ) दारी भाषेतील पाट्या

प्र. ५. वरील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

प्र. ६. विरुद्धार्थी शब्द लिहा.
स्वस्त, दूर, विश्वास, श्रीमंत, अनोळखी, मोफत

प्र. ७. पुढील वाक्ये भविष्यकाळात लिहा.
(अ) मुलगी बरी होऊन घरी गेली.
(आ) त्यांनी खेड्यातील स्त्रियांना शिकवले.

उपक्रम : जखम, इलाज, दवाखाना यांसारखे उर्दूत व मराठीत सारखे असणारे आणखी दहा शब्द शोधा. नंतर ‘बरा’ या शब्दासारखे, कानाला सारखे वाटणारे पण अर्थाने वेगळे असे तीन शब्द शोधा. ती यादी वर्गात वाचून दाखवा.